नळ आठ दिवसाला, विचारायचं कुणाला?

प्रश्न: ताई, आमच्या गल्लीत आठ दिवसाला नळ येतो तोही रात्री दोनला, आई हंडे लावून बसती अन् पाणी गढूळ. नगरपालिकेत सांगून थकलो. – एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर: दादा, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं लातूर आपलं, तुमचा त्रास कळतो बघा. आता तोंडी सांगणं बंद. लेखी अर्ज द्या अन् आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय हलूच नका, नाहीतर अर्ज आलाच नाही म्हणतात. मग माहिती अधिकारात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, पाणी तपासणीचा रिपोर्ट मागा, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील. तोवर आईला सांगा, पाणी उकळूनच प्यायचं.