वाचकांचे प्रश्न : बाहेरच्या सेवेची ताजी माहिती आपल्या पानावर

प्रश्न : हवामानाची माहिती देणाऱ्या एका सेवेची एपीआय की (सेवा वापरण्यासाठीचा गुप्त परवाना-क्रमांक) घेतली आहे. टर्मिनलवर कर्लने (विनंती पाठवणाऱ्या आज्ञेने) विचारलं की उत्तर येतं, पण पानावरच्या जावास्क्रिप्टमधून तीच विनंती केली की ब्राउझर ‘कॉर्स’ची (दुसऱ्या डोमेनवरच्या माहितीबद्दलच्या नियमाची) चूक दाखवतो. माझ्या कोडमध्ये काय चुकतंय?

कोड बरोबर आहे. दुसऱ्या डोमेनवरून आलेलं उत्तर पानाच्या हाती द्यायचं की नाही, हे ब्राउझर ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ या हेडरवरून (उत्तराला जोडलेल्या सूचनेच्या ओळीवरून) ठरवतो. तो हेडर समोरच्या सेवेने उत्तरासोबत पाठवायचा असतो. तुम्ही विनंतीत घालून काही होत नाही. कर्ल ही तपासणी करतच नाही. फेचमध्ये (विनंती करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या आज्ञेत) ‘नो-कॉर्स’ लिहिलं की चूक दिसेनाशी होते, पण उत्तरातला मजकूरही वाचता येत नाही. कोणाचा तरी फुकट प्रॉक्सी (विनंत्या पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) मध्ये घालणं तर सपशेल टाळा, कारण तुमची की त्याच्या हातातून जाते.

खरा धोका मात्र कॉर्सचा नाहीच. पानावरून थेट विचारलं, तर डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये की कोणालाही दिसते. ‘मी ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) ठेवली आहे’ असं अनेकजण सांगतात. पण फ्रंटएंड बिल्ड होताना त्या व्हेरिएबलची किंमत तयार फाइलमध्ये उतरते, त्यामुळे ती लपत नाही. की एकदा बाहेर गेली असेल किंवा गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) कमिट झाली, म्हणजे नोंदली गेली असेल, तर ती रद्द करून नवी घ्या. नुसती ओळ पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच.

म्हणून मध्ये स्वतःचा सर्व्हर हवाच. पान तुमच्या सर्व्हरला विचारेल आणि सर्व्हर की लावून बाहेर विचारेल. पानाकडून पूर्ण यूआरएल मात्र घेऊ नका, नाहीतर तुमच्या सर्व्हरमार्फत कोणीही कुठेही विनंत्या पाठवेल. फक्त शहराचं नाव घ्या आणि तेही ठरलेल्या यादीत आहे का ते तपासा.

प्रश्न : सर्व्हर मध्ये घातला, तरी विनंत्यांचा कोटा संपतो आणि 429 (‘फार विनंत्या झाल्या’ असं सांगणारा कोड) येतो. काय करावं?

बहुधा प्रत्येक पाहुण्यासाठी सर्व्हर बाहेर नवी विनंती करतोय. 200 जणांकडे पान उघडं असेल आणि प्रत्येकजण दर 5 सेकंदांनी विचारत असेल, तर मिनिटाला 2,400 विनंत्या होतात. त्याऐवजी सर्व्हरवरच्या एकाच कामाने दर 5 सेकंदांनी माहिती आणून कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवली, तर मिनिटाला 12 पुरतात, मग पाहुणे कितीही असोत. अंतर कोट्यावरून काढा. दिवसाला 1,000 विनंत्या मिळत असतील, तर 86,400 सेकंदांना 1,000 ने भागून 86.4 येतात, 90 सेकंद धरा म्हणजे पुन्हा प्रयत्न करायलाही थोड्या विनंत्या उरतात. सेवेकडची माहितीच दर 10 मिनिटांनी बदलत असेल, तर त्याहून वारंवार विचारण्यात काही अर्थ नाही.

429 आल्यावर ‘रीट्राय-आफ्टर’ हेडर वाचा. त्यात सेकंद असतात किंवा तारीख-वेळ, दोन्ही हाताळा. हेडर नसेल तर 1, 2, 4, 8 असे सेकंद वाढवत 60 पर्यंत जा आणि प्रत्येक वेळी त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा. हा फरक नसेल तर एकाच वेळी अडलेले सगळे क्लायंट पुन्हा एकाच क्षणी धडकतात. 401 (ओळख पटली नाही) आला तर मात्र पुन्हा प्रयत्न करू नका, की तपासा.

प्रत्येक विनंतीला टाइमआउट (वाट पाहण्याची कमाल वेळ) द्या. 5 सेकंद पुष्कळ झाले. सेवा बंद पडली तर कॅशमधली शेवटची माहिती दाखवा, पण ती कधीची आहे ते शेजारी लिहा. शिळा आकडा ताजा म्हणून दाखवणं हे रिकाम्या पानापेक्षा वाईट, कारण वाचणारा त्यावर विसंबून निर्णय घेतो.

प्रश्न : सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (एकाच उघड्या जोडणीतून सर्व्हरने पानाला माहिती पाठवत राहणं) वापरले. माझ्या संगणकावर सुरळीत चालतं. एनजिनएक्सच्या (विनंत्या मागच्या सर्व्हरकडे देणाऱ्या वेब सर्व्हरच्या) मागे ठेवलं की माहिती उशिरा, एकदम गठ्ठ्याने येते आणि मिनिटभराने जोडणी तुटते.

ही दोन वेगळी कारणं आहेत. एनजिनएक्स उत्तर आधी बफरमध्ये साठवतो, म्हणून गठ्ठा. त्या मार्गापुरतं प्रॉक्सी बफरिंग बंद करा, किंवा सर्व्हरच्या उत्तरात ‘एक्स-अ‍ॅक्सेल-बफरिंग’ हा हेडर ‘नो’ ठेवा. दुसरं म्हणजे मागच्या सर्व्हरकडून सलग 60 सेकंद काहीच आलं नाही, तर एनजिनएक्स जोडणी सोडतो. मूळ सेटिंग तेवढंच आहे. दर 15 सेकंदांनी अपूर्णविरामाने सुरू होणारी एक ओळ आणि तिच्यामागे रिकामी ओळ पाठवा. ब्राउझर तिच्याकडे दुर्लक्ष करतो, जोडणी मात्र जिवंत राहते.

जोडणी तुटली की इव्हेंटसोर्स (ब्राउझरमधला हे इव्हेंट्स ऐकणारा भाग) आपणहून पुन्हा जोडतो. प्रत्येक इव्हेंटला आयडी दिला असेल, तर शेवटचा आयडीही सर्व्हरला कळवतो. वेबसॉकेटमध्ये (दोन्ही बाजूंनी बोलता येणाऱ्या जोडणीत) हे सगळं तुम्हालाच लिहावं लागतं. पानाने फक्त ऐकायचं असेल, तर वेबसॉकेटच्या वाटेला जाऊ नका.

सेवा स्वतःच बदलांचा प्रवाह देत असेल, तर सर्वाधिक चुका पुन्हा जोडताना होतात. आधी पूर्ण स्थिती मागवून मग प्रवाह जोडला, तर मधले बदल हरवतात. क्रम उलटा ठेवा : प्रवाह जोडा, येणारे बदल रांगेत साठवा, मग पूर्ण स्थिती मागवा. तिच्या अनुक्रमांकापर्यंतचे बदल टाकून द्या आणि पुढचे लावा. मध्येच एखादा क्रमांक गाळलेला दिसला, तर स्थिती पुन्हा मागवा.

प्रश्न : सेवेकडून येणाऱ्या लांबलचक आयडीचे शेवटचे आकडे पानावर बदललेले दिसतात.

जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक 9,007,199,254,740,991 पर्यंतच खात्रीने अचूक राहतो. त्याहून मोठा आयडी जेसन (सेवेच्या उत्तराचा मजकुरी साचा) वाचतानाच बिघडतो, नंतर स्ट्रिंग (आकड्याऐवजी मजकूर) करून तो परत मिळत नाही. सेवा तोच आयडी स्ट्रिंग म्हणूनही देत असेल, तर ते फील्ड घ्या. नसेल तर मोठे पूर्णांक अचूक वाचणाऱ्या भाषेत किंवा पार्सरने सर्व्हरवर वाचा आणि पानाकडे स्ट्रिंग म्हणूनच पाठवा.