एकच पूड, तीन भांडी

प्रश्न : आमच्या घरी उकळत्या दुधात साखर, कॉफी आणि किसलेले जायफळ घालून कॉफी करतात. सून म्हैसूरची असल्यामुळे तिच्याबरोबर पितळी फिल्टर आला आणि मुलाने इटलीहून मोका भांडे आणले. फिल्टरसाठी आणलेली चिकोरीमिश्रित पूड आम्ही तिन्हीकडे वापरून पाहिली. फिल्टरमध्ये ती छान उतरली, दुधात फिकी लागली आणि मोकामध्ये तर कॉफी वर चढताना अडखळली. घरोघरच्या पद्धती इतक्या वेगळ्या का, आणि त्यांतली योग्य कोणती? – एक वाचिका, सांगली

उत्तर : योग्य कोणती, हा वाद घरातच मिटवावा, पद्धती वेगळ्या का, याचे उत्तर मात्र देता येते. पूड किती बारीक आहे, पाणी तिच्या संगतीत किती वेळ राहते आणि कशाच्या जोराने तिच्यातून जाते, या तीन गोष्टी प्रत्येक भांडे आपापल्या परीने ठरवते. सूनबाईंच्या फिल्टरमध्ये पाणी केवळ स्वतःच्या वजनाने थेंबाथेंबाने झिरपते, त्याला पुष्कळ वेळ मिळतो आणि म्हणून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, इतके दाट उतरते की त्यात भरपूर गरम दूध घातले तरी चव दबत नाही. आपल्या पातेल्यात उलट घडते. दुधात कॉफीचा अर्क पाण्याइतका सहज उतरत नाही, उकळण्याचा वेळही थोडा असतो. तेव्हा चवीची बाजू साखर आणि जायफळ सांभाळतात. पूड आधी थोड्या पाण्यात उकळून मग दूध घातल्यास फरक लगेच जाणवेल.

मोका भांडे १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून बाजारात आले. खालच्या कप्प्यातील पाणी तापले की वाफेचा दाब त्याला पुडीतून वर ढकलतो. हा दाब जेमतेम एक-दोन बार (दाबाचे एकक) असतो, तर कॅफेतील एस्प्रेसो यंत्रात तो सुमारे ९ बार असतो. त्यामुळे मोकाच्या कॉफीला एस्प्रेसो म्हणणे हा थोडा आगाऊपणाच आहे. इतक्या कमी दाबाला अतिबारीक किंवा ठासून भरलेली पूड पेलत नाही, आणि चिकोरी ओली झाली की वाट आणखी चोंदते. मोकासाठी बिनचिकोरीची, बारीक रव्यासारखी पूड घ्यावी, ती दाबू नये आणि पाणी खालच्या कप्प्याला असलेल्या झडपेच्या खालीच ठेवावे.

तुर्कस्तानात गाळण्याची भानगडच नाही. तिथे पूड मैद्यासारखी दळतात, जेझ्वे नावाच्या लांब दांड्याच्या भांड्यात गार पाण्यात कालवून मंद आचेवर चढवतात आणि फेस वर आला की उकळी फुटण्यापूर्वी उतरवतात. साखर हवी असल्यास ती सुरुवातीलाच घालावी लागते, कारण कपात ढवळले तर तळाशी बसलेला गाळ वर येतो. म्हणूनच पाहुण्याला गोड किती हवे, हे कॉफी चुलीवर जाण्याआधी विचारतात. बॉस्नियात भांडे जवळजवळ तेच, पण तिथे आधी पाणी उकळून मग ते पुडीवर ओततात आणि साखरेचा खडा वेगळा देतात. दोघांपैकी कोणासही दुसऱ्याची कॉफी ‘तीच’ आहे असे म्हटलेले खपत नाही.

सर्वांत निवांत रीत इथिओपियाची. हिरव्या बिया पाहुण्यांसमोरच तव्यावर भाजतात, तो धूर सर्वांना हुंगायला देतात, बिया उखळात कुटतात आणि जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून आबोल, तोना आणि बरका अशा तीन फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी आधीपेक्षा पातळ. तिसरी फेरी घेतल्याशिवाय उठणे शिष्टाचाराला धरून नाही, म्हणून घाईत असलेल्याने या बैठकीला न बसलेलेच बरे. जर्मनीत याच्या नेमके उलटे : ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ साली कागदी गाळणी आणली, ती चोथा कपात येऊच न देण्यासाठी. व्हिएतनाममध्ये ताजे दूध दुर्मीळ होते, तेव्हा लहान गाळणीतून उतरलेली कडक रोबस्टा जातीची कॉफी कंडेन्स्ड मिल्कवर पडू लागली आणि पुढे तीच आवड ठरली.

प्रश्न : चिकोरी ही भेसळ समजावी काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पाकिटावर प्रमाण छापलेले असेल तर नाही. चिकोरी हे भाजून दळलेले मूळ असून त्यात कॅफिन नसते; ती रंग, दाटपणा आणि किंचित कडवट गोडी देते, शिवाय कॉफीपेक्षा स्वस्त पडते. आपल्याकडच्या नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. दुधाच्या कॉफीत चिकोरी शोभते, मात्र कोरी पिणाऱ्याने शुद्ध पूडच मागावी.