भगवतीच्या कड्याकडे निघण्यापूर्वी

कोल्हापूर,
कार्तिक शुद्ध दशमी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा, दोन्ही मिळाले. रत्नागिरीचे रत्नदुर्गाचे, म्हणजे भगवतीच्या किल्ल्याचे, भूशिर आणि त्याच्या पायथ्याचा खडकाळ किनारा हा विषय तू प्रबंधासाठी निवडलास याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र तू जी प्राण्यापक्ष्यांची लांबलचक यादी जोडली आहेस, तिच्यातल्या एकाही नावापुढे उंची किंवा वेळ लिहायला रकाना नाही, हे मला खटकले. समुद्रात घुसलेल्या त्या कड्यावर कोणता जीव आहे एवढेच कळून फारसे काही हाती लागत नाही. तो पाण्यापासून किती वर राहतो आणि दिवसाच्या, तिथीच्या कोणत्या घटकेला काय करतो, हे कळले तरच त्या जागेचा उलगडा होऊ लागतो. म्हणून ती यादी सध्या बाजूला ठेव.

आरंभ आपल्या घरापासून कर. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर तू लहानपणापासून चालली आहेस. पायाखालचा तो तांबडा, भोकाभोकांचा जांभा आणि रत्नदुर्गाच्या माथ्यावरचा जांभा एकाच प्रक्रियेतून घडलेले आहेत. उष्ण आणि दमट हवेत पावसाच्या पाण्याने मूळ खडकातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली आणि त्यांचा हा कठीण थर तयार झाला. फरक असा की आपल्याकडे त्या थराच्या कडेला दरी आहे आणि तिकडे समुद्र आहे. लाटा पायथा पोखरत राहतात, वरचा थर आधाराविना लोंबकळतो आणि एखाद्या पावसाळ्यात घराएवढा तुकडा खाली कोसळतो. कड्याखाली पडलेले ते प्रचंड दगड पाहशील तेव्हा ते तिथे मुळापासून होते असे समजू नकोस. त्यांतला प्रत्येक दगड वरून आलेला असू शकतो, आणि पुढचाही येणार आहे. या कारणासाठी कड्याच्या अगदी बुडाशी बसायचे नाही.

माथ्यावरच्या उघड्या कातळाला तिकडे सडा म्हणतात. हिवाळ्यात तो करपलेला दिसतो आणि सरकारी कागदांतही अशा जमिनी वर्षानुवर्षे पडीक म्हणूनच नोंदल्या गेल्या, याचे मला आजही वाईट वाटते. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे 1,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीत 3,000 मिलिमीटरहून अधिक, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जूनच्या पहिल्या पावसानंतर कातळाच्या खळग्यांत साचलेल्या बोटभर मातीतून दिपकाडीची पांढरी फुले वर येतात. ही कोकणच्या सड्यांशी बांधलेली वनस्पती असून तिचा बहर काही आठवड्यांत आटोपतो. पुढे गेंद येतो, सीतेची आसवे येतात, कीटक पकडणारे दवबिंदू येतात. तुझा आराखडा फेब्रुवारीत संपतो. तो निदान सप्टेंबरपर्यंत वाढव, नाहीतर माथ्याचे निम्मे आयुष्य तुझ्या वहीत येणारच नाही.

सड्यावर दगड उलटताना हात घालू नकोस, काठी घाल. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. 1862 च्या डिसेंबरात सरकारने इनाम लावले तेव्हा अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक साप मारून आणल्याची नोंद आहे. फुरसे हातभर लांबीचे आणि मातकट रंगाचे असते. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करकर असा आवाज करते. तो आवाज म्हणजे त्याने दिलेली सूचना आहे, तेव्हा जागीच थांबावे आणि आल्या पावली मागे यावे.

आता खालच्या खडपाविषयी, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाळ पट्ट्याविषयी, ज्यासाठी मी हे पत्र मुख्यतः लिहीत आहे. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचे लोक तिथीला पाऊणने गुणतात. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिच्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, ठिकाणागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण तो तोंडपाठ असावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खालीही जाते; अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि दोन्हींतले अंतर कमी होते. तुझ्यासाठी सोयीचे दिवस म्हणजे पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया, कारण तेव्हा उधाण अजून ओसरलेले नसते आणि पूर्ण ओहोटी सकाळी सात ते पावणेआठच्या दरम्यान, चांगल्या उजेडात मिळते. त्या वेळी खाली उतर, एक खडक निवड आणि पाणी परत चढेपर्यंत त्याच खडकाजवळ बस. जागा बदलू नकोस.

त्या खडकावर तुला पट्टे दिसतील. सर्वांत वर, जिथे केवळ तुषार पोहोचतात तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी भेगांमध्ये दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि कवचाचे झाकण लावून त्या उन्हाचे तास काढतात. त्यांच्याखाली बार्नकलांचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या बारक्या प्राण्यांचा, खरखरीत पांढुरका थर असतो, त्याखाली कालवे, आणि आणखी खाली, जे फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडे पडते तिथे, समुद्रफुले, स्पंज आणि शेवाळ. स्थूलमानाने सांगायचे तर वरची मर्यादा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, खालची मर्यादा शत्रू आणि जागेची स्पर्धा ठरवते. हे पुस्तकात वाचून पटत नाही. बार्नकलांपाशी भिंग घेऊन बसलीस की पटेल. ओहोटीत ते मेलेल्या दगडासारखे असते, वरच्या दोन-चार पट्ट्या घट्ट मिटलेल्या. पहिली लाट येऊन जाते तरी ते हलत नाही. पाणी वरचेवर येऊ लागले आणि अंगावर टिकू लागले की पट्ट्यांमध्ये केसाएवढी फट पडते आणि तिच्यातून पिसासारख्या पायांचा जुडगा बाहेर येतो, पाणी विंचरतो, आत जातो, पुन्हा येतो. डोके खडकाला कायमचे चिकटवून पायांनी अन्न तोंडाकडे ओढणारा हा प्राणी खेकड्या-कोळंबीच्या कुळातला आहे. पहिली फट पडण्याची वेळ घड्याळात बघून लिही. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचे पहिले खरे वाक्य तेच असेल.

कालवे काढायला येणाऱ्या बायकांशी आदराने बोल. कोणत्या खडकावर पाय टेकावा आणि कोणत्यावर नाही, हे त्यांच्याइतके नेमके तुला दुसरे कोणी सांगणार नाही. समुद्राकडे पाठ कधीही करू नकोस.

पक्ष्यांपैकी एकाविषयीच सविस्तर लिहितो. राखाडी पाठीचा, पांढऱ्या डोक्या-पोटाचा समुद्र गरुड त्या किनाऱ्यावर उंच सुरूवर किंवा जुन्या आंब्यावर घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे त्याच घरट्यात काटक्यांची भर घालत राहतो. समुद्री साप श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतो, नेमक्या त्या क्षणी हा त्याला उचलतो. घरट्याखाली सापांचे मणके सापडतात ते यामुळे. ते मणके गोळा करण्याच्या मोहापायी बऱ्याच वर्षांपूर्वी, पौषात, मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन एका घरट्याच्या झाडाखाली गेलो होतो. मादी उठली आणि आम्ही तिथे होतो तेवढा वेळ, म्हणजे जवळजवळ तासभर, वर घिरट्या घालत राहिली. पिल्लू उन्हात उघडे होते. पुढे त्याचे काय झाले ते मला कळले नाही, आणि ती माझी चूक होती. तू दुर्बिणीतून बघ, दूरच्या बांधावरून बघ, आणि त्या झाडाची जागा प्रबंधात छापू नकोस.

कुरव, सुरय आणि घारी तुला मिरकरवाडा बंदराच्या बाजूला विनासायास दिसतील, त्यांच्यासाठी वेगळा दिवस राखू नकोस. वेळ उरला तर भूशिराच्या दोन्ही अंगांची वाळू दोन बाटल्यांत भरून आण. मांडवीकडची काळी आहे, कारण तिच्यात इल्मेनाइटसारखी जड खनिजे आहेत, आणि दुसऱ्या अंगाला जो किनारा आहे त्याला लोक पांढरा समुद्रच म्हणतात.

मलकापूर आणि आंबा घाटमार्गे जाणारी पहाटेची एसटी धर. पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला पोहोचलीस तर दुपारी माथा फिरून होईल आणि द्वितीयेची सकाळ खडपासाठी मोकळी राहील. रबरी तळाचे जुने बूट, भिंग, मीटरची टेप आणि शिसपेन्सिल बरोबर असू दे, कारण शाई खाऱ्या तुषारांनी फुटते. परत आल्यावर पहिल्या बैठकीची पाने मला जशीच्या तशी पाठव, सुवाच्य करून पुन्हा लिहू नकोस.

तुझे,
सर