लॅरियनने अंग काढून घेतल्यावर ‘बाल्डर्स गेट ४’ आता कोण बनवेल? ऑब्सिडियन की आउलकॅट?

ऑब्सिडियन नाही. एवढंच हवं असेल तर इथेच थांबा, पुढे बरंचसं माझं घरगुती रडगाणं आहे.

फार खोलात जायची गरजच नाही. ऑब्सिडियन हा गेम बनवणारा स्टुडिओ २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या दावणीला आहे. बाल्डर्स गेट या रोल-प्लेइंग गेमच्या मालिकेचे (तिसरा भाग लॅरियन स्टुडिओने केला) हक्क विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे, म्हणजे त्यांची मालक कंपनी हॅस्ब्रोकडे. मायक्रोसॉफ्ट आपली दुभती म्हैस हॅस्ब्रोच्या गोठ्यात कशाला बांधेल? पिलर्स आणि अवाउड या गेमची दुनिया ऑब्सिडियनची स्वतःची, आउटर वर्ल्ड्स स्वतःचं, आणि २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने झेनिमॅक्स घेतल्यापासून तिचा फॉलआउटही घरातच आलाय. ‘न्यू व्हेगास’ या ऑब्सिडियनने केलेल्या फॉलआउटचा दुसरा भाग येणार म्हणून दर सहा महिन्यांनी नाचणारे लोक निदान सातबारा कोणाच्या नावावर आहे तेवढं तरी बघून नाचतात.

आता तुमचा प्रश्न मला का झोंबला ते.

मला एक मावसभाऊ आहे, पाच वर्षांनी मोठा, डोंबिवलीला असतो. या खेळांचं वेड त्यानेच लावलं हे आधी कबूल करतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या, मार्करने नाव लिहिलेल्या सीड्या, मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्याकडे मुक्काम, मावशी ‘डोळे फुटतील रे’ म्हणून ओरडतेय आणि आम्ही दोघं बाल्डर्स गेट २ मधल्या इरेनिकसच्या तळघरातून बाहेर पडायची वाट शोधतोय. २००५ च्या सुट्टीत मी कुठूनतरी स्टार वॉर्सवरच्या नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकचा दुसरा भाग पैदा केला. पहिला भाग बायोवेअरचा होता, त्यामुळे सुरुवातीचा लोगो बघूनच दादाने तोंड वाकडं केलं. “बायोवेअर नाही? ऑब्सिडियन? हे कोण? डुप्लिकेट माल आहे, काढ तो.”

मी नववीत होतो, पण मासिकात वाचलेलं तोंडपाठ होतं. म्हटलं, दादा, ही ब्लॅक आयल या जुन्या स्टुडिओतलीच माणसं आहेत. मालक इंटरप्लेने २००३ च्या डिसेंबरात ते दुकान बंद केलं, त्याच वर्षी यांनी बाहेर पडून नवी पाटी लावली. तू ज्या प्लेनस्केप टॉर्मेंटची पारायणं करतोस ते रचणारा माणूस यांच्यातच आहे. दादा म्हणाला, “पाटी बदलली की चव बदलते.” खेळाचा शेवट अर्धवट सोडलेला निघाला तेव्हा तर त्याच्या हातात आयतंच कोलीत मिळालं. हाच माणूस आज ऑब्सिडियनशिवाय पाणी पीत नाही. त्याला २००५ ची आठवण करून दिली की म्हणतो, मी असं म्हणालोच नव्हतो. मावशी साक्षीदार आहे.

असो. पुढे मी शिकलो-बिकलो आणि पुण्यात एका आउटसोर्सिंग स्टुडिओत प्रॉप आर्टिस्ट म्हणून लागलो. प्रॉप म्हणजे पिंपं, स्टुलं, बादल्या, खुंट्या. ज्याच्याकडे खेळणारा ढुंकून बघत नाही, पण नसलं तर खोली ओसाड वाटते, ते सगळं. प्रोजेक्टचं खरं नाव आम्हाला सांगत नसत, सांकेतिक नाव असायचं. पण कॉन्सेप्ट आर्टवरची झेंड्यांची चिन्हं बघून कळायचं ते कळायचंच.

त्यात माझ्या वाट्याला एक कंदील आला. अकरा वेळा परत आला तो. आधी कडी जाड झाली म्हणून, मग काचेतला बुडबुडा फार उठून दिसतो म्हणून, मग काजळीवरून. मी काचेच्या चारी बाजूंना सारखी काजळी धरली होती. क्लायंटच्या आर्ट लीडने त्यावर लाल गोल काढून लिहिलं की हा कंदील भिंतीला टांगलेला आहे, वारा एकीकडूनच लागणार. बरोबर होतं त्याचं. घरी गेलो, आईने गावाहून आणलेला जुना कंदील माळ्यावरून खाली काढला, पुसून पेटवला, खिडकीत टांगला आणि मध्यरात्रीपर्यंत काच कुठून काळी होत जाते ते बघत बसलो. वरून काळी होते, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला एक जिभेसारखा पट्टा खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी तो पट्टा टेक्स्चरमध्ये उतरवला आणि कंदील पास झाला.

हे २०२१ च्या ऑगस्टमधलं. सप्टेंबरच्या १० तारखेला गणेश चतुर्थी. मावशीकडे दीड दिवसाचा असतो, मी डोंबिवलीला. त्याच पहाटे दीड-दोनच्या सुमाराला प्लेस्टेशनच्या कार्यक्रमात ओल्ड रिपब्लिकचा रिमेक जाहीर झाला होता आणि दादा मखराला झुरमुळ्या चिकटवत ते बघत जागाच होता. हा रिमेक कोण करणार याची त्याची चौदा नावांची यादी तयार होती. काम निघालं अ‍ॅस्पायरकडे. टेक्सासची कंपनी, जुने गेम मॅकवर नि नव्या कन्सोलवर उतरवून देण्यात मुरलेली. चौदात नव्हती. (पुढच्याच वर्षी ते काम अ‍ॅस्पायरकडूनही काढून सेबरकडे गेलं. तेही चौदात नव्हतं.)

यादी फसल्याचं दुःख दादाला अर्धा तास टिकलं. आरती झाली, आम्ही पानावर बसलो आणि त्याने नवीन विषय काढला, तो नेमका माझ्या कंदिलाचा गेम. तो कोण बनवतंय हे त्याने बरोबर ओळखलं होतं, हे मान्य करतो. पण मग सुरू झाला. “ते लोक काम बाहेर देतच नाहीत. खिळासुद्धा स्वतः ठोकतात. म्हणून तर ती कारागिरी दिसते. तुमच्यासारखं नाही, इकडून पिंप आणा, तिकडून खुर्ची आणा.” सगळे माझ्याकडे बघून हसले. एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही केलेली, बोलायची सोय नाही. मी अख्खा मोदक तोंडात कोंबला.

गेम आला. दादाने पहिल्याच शनिवारी व्हिडिओ कॉल लावून मला त्यातली एक सराई दाखवली. “हे बघ. नुसता प्रकाश बघ भिंतीवरचा. या स्टुडिओशिवाय कोणाला जमेल सांग.” भिंतीवर माझा कंदील होता. कोणीतरी उलटा फिरवून टांगला होता, त्यामुळे काजळीचा पट्टा भिंतीकडे. तोपर्यंत बोलायची परवानगी मिळाली होती, म्हणून सांगितलं. दादाने विश्वास ठेवला नाही. म्हणाला, क्रेडिट्समध्ये नाव दाखव. तिथे आमच्या स्टुडिओच्या नावाची एक ओळ आहे, माणसांची नावं नाहीत. “मग काय,” म्हणाला, “असंच कोणीही म्हणेल.”

या एका वाक्यावर मी त्याच्याशी चार महिने बोललो नव्हतो.

म्हणून सांगतो, ‘कोण बनवणार’ या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नसतं. पाटीवर एक नाव असतं, पैसे दुसऱ्याचे, जमीन तिसऱ्याची आणि हात भलत्याच गावचे. लॅरियनला आपण बेल्जियमचं म्हणतो, पण त्यांचा स्वतःचाच एक स्टुडिओ क्वालालंपूरला आहे. तरी चांगलं झालं की श्रेय बेल्जियममधल्या गेंटच्या खात्यात आणि बिघडलं की दोष आशियाच्या. २०२० च्या सप्टेंबरात प्रिन्स ऑफ पर्शियाच्या सँड्स ऑफ टाइमचा रिमेक जाहीर झाला, काम युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. ट्रेलर बघून जगाने शिव्या घातल्या. दादाने मला लिंक पाठवून खाली लिहिलं, “तुझ्या पुण्याने वाट लावली बघ.” मी तिथे कामालाही नव्हतो. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं, त्यांनीही साडेतीन वर्षं घेतली आणि २०२६ च्या जानेवारीत कंपनीने गेमच रद्द केला. ‘माँट्रियलने वाट लावली’ असा मेसेज मला अजून आलेला नाही.

आता बाल्डर्स गेटकडे येतो. चाहत्यांच्या याद्या कशा बनतात? कोणी पूर्वी चांगला खेळ केला होता त्यांची नावं एकाखाली एक लिहायची. पण काम देणारा असा विचार करत नाही. त्याला हवा असतो आत्ता मोकळा असलेला, परवडणारा आणि ऐकणारा माणूस. खुद्द लॅरियनचं बघा. स्वतःच्या ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’ या गेमच्या पहिल्या भागानंतर ते बाल्डर्स गेटच्या तिसऱ्या भागासाठी विझर्ड्सकडे गेले तेव्हा ‘अजून कच्चे आहात’ म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. पुढे त्याच विझर्ड्सने त्यांना बोलावून घेतलं, २०२३ मध्ये गेम आला आणि जे व्हायचं ते झालं. मग २०२४ च्या मार्चमध्ये लॅरियनचा प्रमुख स्वेन विंकेने जाहीर सांगून टाकलं की चौथा भागही नाही आणि तिसऱ्याची पुरवणीही नाही. आता ते डिव्हिनिटीच्या स्वतःच्या घरी परत गेलेत.

त्यातही एक गोष्ट लोक विसरतात. २०२३ च्या डिसेंबरात हॅस्ब्रोने ११०० माणसं कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा विंकेने लिहिलं होतं की बाल्डर्स गेटच्या पहिल्या बैठकीला विझर्ड्सकडून जी माणसं होती त्यांतलं आता जवळपास कोणी उरलेलं नाही. म्हणजे ज्या पारखी नजरेने लॅरियनला निवडलं ती नजरच घरी गेली. ‘विझर्ड्स बरोबर निवडतील’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. चौथ्या भागाबद्दल विझर्ड्सचे लोक २०२४ मध्ये इतकंच बोलले होते की बऱ्याच भागीदारांशी बोलणी चालू आहेत आणि या वेळी पंचवीस वर्षं लागू नयेत अशी आशा आहे. एवढ्या भांडवलावर दादासारखे लोक पंधरा ओळींचं कोष्टक भरतात. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

मला पैज लावायची असेल तर मी ‘यादीत नसलेलं नाव’ यावर लावीन, आणि ही पैज मी एकदा जिंकलोय. २०२१ च्या फेब्रुवारीत प्रकाशक पॅराडॉक्सने व्हॅम्पायर ब्लडलाइन्स २ या गेमचं काम सिअ‍ॅटलच्या हार्डसूट लॅब्सकडून काढून घेतलं आणि नवं कोणाला दिलं ते अडीच वर्षं सांगितलंच नाही. दादाची पाचशे रुपयांची पैज: ऑब्सिडियन. कारण पहिला ब्लडलाइन्स ट्रॉइका नावाच्या स्टुडिओने २००४ मध्ये केला, ट्रॉइका २००५ मध्ये बुडाली, आणि तिथले टिम केन नि लिओनार्ड बोयार्स्की पुढे ऑब्सिडियनमध्ये गेले. म्हणजे बघा, पाटी नाही, माणसं बघायची हा माझा नववीतला मुद्दा स्वतःच्या सोयीचा झाला की लगेच याला पटतो! तर्क वाईट नव्हता, पण ऑब्सिडियनचा मालक बदलून तेव्हा दोन वर्षं झाली होती. २०२३ च्या सप्टेंबरात नाव फुटलं: द चायनीज रूम, ब्रायटनची. डिअर एस्थर करणारी, म्हणजे शांतपणे चालत फिरायच्या खेळांसाठी माहीत असलेली. एकाही यादीत मी ते नाव पाहिलं नव्हतं. गेम बाहेर पडला २०२५ च्या २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. तरी माझे पाचशे आलेले नाहीत. दादा म्हणतो, ‘खरा’ ब्लडलाइन्स २ अजून आलेलाच नाही.

माझा स्वतःचा अंदाज असा की चौथा भाग विझर्ड्स स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या ताब्यातल्या स्टुडिओत किंवा जुन्याजाणत्या लोकांनी नव्याने थाटलेल्या एखाद्या जागी करतील, जिचं नाव आज तुम्हाला-मला ओळखीचं वाटणार नाही. जाहीर झाल्यावर आठवडाभर ‘हे कोण?’ म्हणून बोंबाबोंब होईल. तेव्हा स्टुडिओचं नाव शोधत बसू नका. मुख्य डिझायनर कोण, लेखक कोण, हे आधी कुठे होते आणि प्रकाशकाने किती वर्षं दिलीत ते बघा. न्यू व्हेगास दीडेक वर्षात उरकायला लावला होता आणि समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ८५ हवे होते तिथे ८४ पडले म्हणून बोनस हुकला. तीच माणसं, फक्त वेळ कमी. आणि हो, क्रेडिट्स शेवटपर्यंत बघा. एकदा तरी.

इथे हेही सांगायला हवं की मी साधा प्रॉप आर्टिस्ट आहे. हक्कांचे करार कसे होतात ते मी बातम्यांतूनच वाचतो, माझ्याकडे आतली काही खबर नाही. शिवाय दादाने कंदिलाच्या गेमचा स्टुडिओ बरोबर ओळखला होताच, त्यामुळे याद्या नेहमीच फसतात असंही नाही. आणि तुम्ही दादा असाल, दुसऱ्या नावाने खातं उघडून हा प्रश्न टाकला असेल, तर गाठ माझ्याशी आहे.

आउलकॅटचं राहिलंच. त्यांचे किंगमेकर, राइटियस, रोग ट्रेडर हे तिन्ही गेम मी पूर्ण खेळलोय आणि नियमांच्या किचकटपणात त्यांचा हात धरणारं आज कोणी नाही. पण त्यांच्याकडे वॉरहॅमरचं डार्क हेरसी चालू आहे, एक्सपान्स चालू आहे, ताट भरलेलं आहे. शक्यता अगदीच नाही असं नाही. फक्त दादाच्या नव्या यादीत ते दुसऱ्या नंबरावर आहेत, त्यामुळे माझ्या तोंडून ‘हो’ निघणार नाही.