हुआना खरंच वेडी होती का?

प्रश्न : स्पेनच्या हुआना राणीवरची एक कादंबरी नुकतीच वाचून संपवली. नवऱ्याची शवपेटी घेऊन रानोमाळ फिरणारी राणी डोक्यातून जातच नाहीये. ती खरंच प्रेमापायी वेडी झाली होती, की हे सगळं रंगवून सांगितलंय?

उत्तर : शवपेटीचं खरं आहे. तिचा नवरा फिलीप १५०६ च्या सप्टेंबरमध्ये बुर्गोसला वारला, वय जेमतेम २८, हुआना तेव्हा पोटुशी होती आणि डिसेंबरात भर थंडीत ती पेटी घेऊन निघाली, वाटेतच तोरकेमादा गावात मुलगी झाली, कातालिना. प्रेम तर होतंच, नवऱ्याच्या भानगडींवरून तिने केलेले तमाशेही खोटे नाहीत. पण पेटी ग्रानादाला न्यायची होती, तिची आई इसाबेल राणी जिथे पुरलेली तिथे, म्हणजे फिलीपला आणि पर्यायाने मुलाला राजाचा मान मिळाला असता, आणि नवऱ्याला अजून मूठमाती न दिलेल्या बाईचं दुसरं लग्न लावणंही सोपं नव्हतं असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं.

आता तारखा बघा ना. भाऊ हुआन १४९७ ला गेला, पुढच्या वर्षी मोठी बहीण बाळंतपणात गेली, १५०० मध्ये तिचं बाळही गेलं आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना स्पेनमधल्या कास्तील राज्याचं सिंहासन हिच्याकडे आलं. १५०४ ला आई वारली आणि तिथून ओढाताण सुरू झाली. १५०६ च्या जूनमध्ये बाप फर्नांडो आणि नवरा फिलीप यांनी आपसात करार केला की ही राज्य करायला लायक नाही. एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघं एका गोष्टीवर मात्र एक झाले! माझ्या मते ती दुःखी होती, हट्टी होती, कधीकधी जेवणखाण सोडून बसायची, पण तिला "वेडी" ठरवण्यात आधी नवऱ्याचा, मग बापाचा आणि शेवटी पोटच्या पोराचा फायदा होता, आणि आपल्याला मात्र नुसती प्रेमकथा सांगितली जाते याचा मला फार राग येतो.

प्रश्न : मी याच घराण्यावर कादंबरी लिहायला घेतलीय. पण हुआना पुढे तोरदेसियास गावच्या वाड्यात कैदेत पडली, तिथे काहीच घडत नाही, तो भाग दोन पानांत उरकला तर चालेल का?

उत्तर : अजिबात नका उरकू, कादंबरी तिथेच आहे! १५०९ ते १५५५, तब्बल ४६ वर्षं. बाप १५१६ ला गेला ते तिला कित्येक वर्षं कळूच दिलं नाही. बाहेर सरकारी कागदांवर आधी तिचं नाव आणि मग मुलगा कार्लोसचं, आणि आत तिला साधं बाहेर पडायची परवानगी नाही. १५२० मध्ये कार्लोसविरुद्ध उठलेले बंडवाले तिच्यापर्यंत पोचले होते, एक सही केली असती तर पोराचं राज्य हललं असतं. तिने सही केली नाही.

आणि कातालिनाला विसरू नका. तिची खोली अशी की आईच्या खोलीतूनच जावं लागायचं. कार्लोस १५१७ ला बऱ्याच वर्षांनी आईला भेटायला आला तेव्हा ही दहा वर्षांची बहीण साध्यासुध्या कपड्यांत, कोणी सोबतीला नाही. त्याला वाईट वाटलं आणि पुढच्या वर्षी त्याने तिला गुपचूप तिथून हलवलं, तर हुआनाने अन्नपाणीच सोडलं, शेवटी पोरीला परत आणावं लागलं. हा प्रसंग घाईत नका लिहू. आई बरोबर की भाऊ, मला आजही ठरवता येत नाही, पोरीला उजेड हवाच होता ना. पुढे १५२५ मध्ये कातालिना पोर्तुगालच्या राजाशी लग्न करून कायमची गेली, अठरा वर्षांची. त्यानंतर हुआना त्याच वाड्यात आणखी तीस वर्षं जगली.