वाचक विचारतात: वेफरची पट्टी म्हणजे चॉकलेटचा बार का?

प्रश्न: माझी भाची पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तीर्ण झाली तर तिला चॉकलेटचा बार देईन, असे मी कबूल केले होते. निकालानंतर मी चार कांड्यांची, वरून चॉकलेट असलेली वेफरची पट्टी घेऊन गेलो. तिने एक कांडी आडवी मोडली, मोडलेली कड माझ्यासमोर धरली आणि ‘मामा, हे बिस्कीट आहे’ असे म्हणून पट्टी परत केली. दुकानात ती चॉकलेटांच्याच फळीवर होती. घरात आता दोन तट पडले आहेत. कृपया निवाडा करावा.
— एक मामा, विश्रामबाग, सांगली

उत्तर: भाचीने कांडी मोडून पाहिली, हे उत्तम केले, वेष्टनावरून किंवा दुकानातल्या फळीवरून पदार्थाची जात ठरत नाही. मोडलेल्या जागी तिला कडेने तपकिरी रेघ आणि आत वेफरचे फिकट, जाळीदार पदर दिसले असतील. म्हणजे चॉकलेट आहे, पण ते अंगरख्यापुरते.

आपल्या वादात दोन शब्द एकमेकांत अडकले आहेत. चॉकलेट कशाला म्हणावे, हे आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत सांगितलेले आहे. आकाराशी त्या नियमांना कर्तव्य नाही. बाहेरून चॉकलेट आणि आत वेगळा पदार्थ असेल, तर त्याला ‘भरलेले चॉकलेट’ म्हणता येते, मात्र आवरणातील चॉकलेट एकूण वजनाच्या किमान २५ टक्के असावे लागते. आपल्या दृष्टीने अडचणीची गोष्ट पुढेच आहे: पिठाचे गोड पदार्थ, पेस्ट्री आणि बिस्किटे या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. ‘बार’ हा शब्द भेटतो तो सीमाशुल्काच्या वर्गवारीत. तिथे १८०६ या शीर्षकाखाली ठोकळे, लाद्या आणि बार या रूपांतील चॉकलेट येते, मग ते भरलेले असो वा नसो. वेफर मात्र, त्यावर चॉकलेट चढवलेले असले तरी, १९०५ या शीर्षकाखाली बिस्किटांच्या पंगतीला बसते. वस्तू व सेवा करासाठीही हेच आकडे वापरले जात असल्याने आपल्या दुकानदाराच्या छापील बिलावर एचएसएनचा, म्हणजे या वर्गवारी क्रमांकाचा, रकाना असेल, तर तो पाहून घ्यावा.

आपल्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे, कारण आपण काही फसवणूक केलेली नाही. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये कोकोची पूड, साखर आणि वितळलेले कोको बटर (कोकोच्या बियांतली चरबी) एकत्र करून साच्यात ओतले, तिथून खाण्याच्या चॉकलेटची वडी सुरू झाली, आणि त्या वडीत चॉकलेटखेरीज काहीच नव्हते. पुढे १९३२ मध्ये इंग्लंडमधील स्लाव येथे मार्स बार आला, त्याच्या पोटात नूगा (साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याची मऊ मिठाई) आणि कॅरॅमल. आज किटकॅट या नावाने ओळखली जाणारी वेफरची पट्टी १९३५ मध्ये यॉर्कच्या राउंट्री कंपनीने बाजारात आणली ती ‘चॉकलेट क्रिस्प’ म्हणून. ती बनवणारे चॉकलेटवाले, विकणारे चॉकलेटवाले, आणि साच्यात चॉकलेट ओतून त्यात वेफर बसवायचे ही रीतही चॉकलेटवाल्यांचीच. तेव्हा फळीवरची तिची जागा अगदीच उपटसुंभ नाही. शिवाय आपल्याकडे लिमलेटच्या गोळीलाही चॉकलेट म्हणतात, आणि वर्गात वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या कित्येक ‘चॉकलेटां’त कोकोचा कणही नसतो.

तरीही मी भाचीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण कायद्यापेक्षा स्वयंपाकघरातले आहे. मराठीत बारला वडी म्हणावे. वडी थापतात किंवा साच्यात पाडतात, आणि ती ज्या पदार्थाची म्हणवते, त्याच पदार्थाने ती उभी राहते. नारळाच्या वडीत केशर घातले तरी ती नारळाचीच वडी. पण चिरोट्यावर पाक चढवला म्हणून त्याला कोणी पाकाची वडी म्हणत नाही. चॉकलेटच्या लादीतून आपले सांगलीचे बेदाणे आणि बदाम उपसून काढले, तर खड्डे पडलेली का होईना, लादी शिल्लक राहते. आपल्या कांडीवरचे चॉकलेट खरवडले, तर हातात सरळ वेफर बिस्कीट उरते. कॅरॅमलच्या बारचे चॉकलेट खरवडल्यास एक चिकट, बेढब गोळा उरेल, ज्याला आपल्या वाण्याकडे नावही नाही. म्हणून तो बार मी मान्य करतो, जरा नाइलाजानेच.

सबब आपले देणे बाकी आहे. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळते, तेव्हा उन्हाळा असेल तर भर दुपारी खरेदी करून वडी दुचाकीच्या डिकीतून नेऊ नये, नाहीतर भाची ‘ही तर बासुंदी’ म्हणून तीही परत करील.

प्रश्न: मी घरी मिठाई करून विकते. कंदी पेढ्याचे मिश्रण पट्टीच्या आकारात थापून ते वितळवलेल्या चॉकलेटमध्ये बुडवते. डब्यावर ‘चॉकलेट बार’ असे छापावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: खवा म्हणजे पीठ नव्हे, त्यामुळे वेफरला बंद असलेले दार आपल्याला उघडे आहे. मात्र आपण जे वितळवता, त्या लादीच्या वेष्टनावरील घटकांची यादी आधी वाचावी. कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाची चरबी असेल, तर ते कंपाउंड होय; ते हाताळायला सोपे आणि स्वस्त असले, तरी नियमांच्या भाषेत चॉकलेट नव्हे. चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज वनस्पतिजन्य चरबीला ५ टक्क्यांपर्यंतच मुभा आहे आणि तसा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो.

वजनाचे गणित घरच्या काट्यावर जमते. आतली पट्टी ३० ग्रॅमची असेल, तर वर किमान १० ग्रॅम चॉकलेट बसायला हवे. एकदा बुडवून तेवढे बसेलच असे नाही. दहा पट्ट्या बुडवण्यापूर्वी आणि आवरण घट्ट झाल्यावर एकत्र तोलून पाहाव्यात, आणि कमी भरल्यास दुसऱ्यांदा बुडवाव्यात. भरले तर ‘चॉकलेट बार’ खुशाल छापा, पण कंदी पेढ्याचे नाव त्याच्या वर आणि मोठ्या अक्षरांत असू द्या. साताऱ्याचे गिऱ्हाईक आधी तेच शोधणार.