संसर्ग नेमका कुठे आहे आणि कितव्या दिवशी आला?

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची प्रयोगाची आखणी मी दोनदा वाचली. दुखापत झालेली नस (म्हणजे मज्जातंतू) भरून येत असताना विषाणूचा संसर्ग झाला तर काय होते, हा प्रश्न तू निवडलास याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र ‘संसर्गामुळे नस उशिरा बरी होते’ हे वाक्य तू सुरुवातीलाच गृहीत धरले आहेस, आणि तिथेच मला तुला थांबवावेसे वाटते. विषाणू नसेत शिरला आहे की शरीरात अन्यत्र आहे, आणि दुखापतीनंतर तो कितव्या दिवशी आला, हे ठरल्याखेरीज त्या वाक्याला अर्थ येत नाही.

ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून दाखवले की कापलेल्या जागेपलीकडचा भाग तुकडे होऊन विरघळत जातो. हा ऱ्हास वाईट वाटला तरी दुरुस्तीची सुरुवात त्यातूनच होते. श्वान (Schwann) पेशी, म्हणजे नसेतल्या धाग्यांना वेढणाऱ्या पेशी, मायलिन हे त्या धाग्यांवरचे स्निग्ध आवरण सांभाळण्याचे काम सोडतात, संख्येने वाढतात आणि रांगेने उभ्या राहून नव्या अक्षतंतूसाठी (चेतापेशीच्या लांब धाग्यासाठी) वाट तयार करतात. त्याच सुमारास, दोन-तीन दिवसांत, रक्तातून महाभक्षक पेशी येऊन मोडलेल्या मायलिनचा गाळ उचलू लागतात, कारण तो गाळ वाढत्या टोकाला अडवतो. म्हणजे पहिल्या आठवड्यातला दाह नसेला हवाच असतो, आणि तोच दाह आठवडेच्या आठवडे धुमसत राहिला तर व्रणऊती वाढून वाट बुजते. दूरच्या अवयवातला संसर्ग इंटरफेरॉन (विषाणूशी लढताना पेशी सोडतात ती प्रथिने) आणि दाह वाढवणारी इतर द्रव्ये रक्तात सोडतो, तेव्हा तो याच तोलात हात घालत असतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशीचा संसर्ग आणि चाळिसाव्या दिवशीचा संसर्ग एकाच रकान्यात मांडू नकोस.

विषाणू नसेतच असेल तर गोष्ट निराळी होते, आणि मला स्वतःला तीच अधिक महत्त्वाची वाटते. ओठावर फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या त्रिशाखी मज्जातंतूच्या गुच्छिकेत (चेतापेशींच्या गाठीत) आयुष्यभर निद्रिस्त राहतो. त्या नसेच्या मुळावर शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णाच्या ओठांभोवती फोड उठतात, ही नोंद विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे. कार्टन आणि किलबोर्न यांनी १९५२ मध्ये ती नीट मांडली. म्हणजे इथे संसर्ग बाहेरून आलेला नाही, दुखापतीनेच त्याला जागे केले आहे. पुढे १९८७ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींवर दिसले की मज्जातंतू-वाढ-घटक (चेतापेशींना जगवणारे एक प्रथिन) काढून घेतला की त्यांच्यात दडलेला विषाणू जागा होतो. हा घटक एरवी ऊतींकडून अक्षतंतूतून पेशीकडे पोहोचत असतो, आणि अक्षतंतू तुटला की तो पुरवठाही तुटतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे तुझ्या नियंत्रण गटातल्या (संसर्ग न दिलेल्या) प्राण्यांची गुच्छिका तपासायला मी का सांगतो आहे ते लक्षात येईल.

जागा झालेला हर्पीस विषाणू पेशीचे स्वतःचे संदेशवाहक आरएनए (प्रथिने बनवण्याच्या सूचना नेणारे रेणू) मोडून टाकतो आणि प्रथिने बनवण्याची यंत्रणा आपल्या कामाला जुंपतो. नेमक्या त्याच वेळी चेतापेशीला नवे टोक उभारण्यासाठी ट्युब्युलिन, अ‍ॅक्टिन अशी प्रथिने भरपूर लागत असतात. वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर होते. पेशीतली जलद वाहतूक मात्र दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर चालते, आणि विषाणू प्रवासासाठी हीच जलद वाहतूक वापरतो.

माणसांत याचे सर्वांत स्पष्ट रूप चेहऱ्याच्या नसेत दिसते. रॅमसे हंट यांनी १९०७ मध्ये कानाजवळची नागीण आणि चेहऱ्याचा लकवा यांचा संबंध सांगितला. नागीण आणणाऱ्या कांजिण्यांच्याच विषाणूने आलेला हा लकवा बेल्स पाल्सीपेक्षा (उघड कारण न सापडणाऱ्या चेहऱ्याच्या लकव्यापेक्षा) कमी वेळा पूर्ण भरून येतो.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. टिनेल यांनी १९१५ मध्ये सांगितलेली टिचकीची पद्धत तुला ठाऊक आहेच: नसेच्या रेषेवर खालून वर बोटाने टिचकी मारत जायचे, आणि जिथे रुग्णाला पुढच्या भागात मुंग्या जाणवतात तिथे वाढते टोक आहे असे धरायचे. दंडात नस जखमी झालेल्या एका तरुणाच्या हातावर मी दर आठवड्याला पेनाने खूण करत असे. तीन आठवडे ती खूण जागची हलली नाही. मधल्या काळात त्याला विषाणूजन्य ताप येऊन गेला होता, म्हणून मी नोंदवहीत कारण म्हणून ताप लिहून मोकळा झालो. पुढे शस्त्रक्रियेत नस उघडली, तेव्हा व्रणऊतीने ती चिमटीत धरल्यासारखी आवळलेली दिसली. तापामुळे ती ऊती वाढली होती का, हे मला कधीच ठरवता आले नाही, कारण तापाची तारीख मी लिहिली होती पण तापाआधीच्या आठवड्याचे माप घेतलेच नव्हते.

म्हणून आखणीत तीन बदल कर. संसर्ग दुखापतीआधी, तिच्यासोबत आणि तिच्यानंतर असे वेगळे गट ठेव. प्रत्येक गटात जखमेपलीकडची नस आणि गुच्छिका दोन्ही तपास. आणि संसर्गाच्या आधीचे माप घेतल्याशिवाय एकाही प्राण्याला गटात धरू नकोस. गट वाढल्याने प्राण्यांची संख्या वाढेल आणि काम लांबेल, ते लांबू दे. सुधारलेला तक्ता पाठव, मी तो त्याच दिवशी वाचून कळवीन.

तुझा हितचिंतक